बल्ब बदलायला सहा मिनिटं

...सहा मिनिटं! अहो, गाडीचा बल्ब बदलायला सहा मिनिटं! कुणी ठरवली? तुम्हाला सांगतो, ज्याने ठरवली ना, त्याने आयुष्यात बॉनेट उघडलेलं नाही, आणि उघडलं असेल तर आत बघून घाबरून लगेच मिटलं असेल! एक पुस्तक आहे, जाडजूड. आमच्या शोरूमच्या मागे वर्कशॉप आहे, तिथे मॅनेजरच्या टेबलावर असतं. त्यात प्रत्येक कामाची मिनिटं छापलेली, आणि मेकॅनिकला पैसे त्या छापील मिनिटांचे. घड्याळात चाळीस गेली? गेली तर गेली! पुस्तकात सहा, मग हातातही सहाचेच. इंजिन उतरवायचं काम असलं तर सुटतं थोडंफार, पण ते येतं कधीतरी. रोज काय येतं? बल्ब, वायपर, नाहीतर 'अहो, जरा कुईकुई वाजतंय, बघता का?' आणि बघण्याची मिनिटं किती? शून्य! बघणं हे कामच नाही म्हणे!

आता यात मी कोण? मी लांब जाऊन सात वर्षं शिकून आलेला. काय शिकलो? कामगाराला त्याच्या घामाचं मोल कसं मिळावं! हसू नका. खरंच शिकलो. तिथली चांगली नोकरी सोडून या शोरूममध्ये लागलो, म्हटलं जग नाही तर नाही, एक वर्कशॉप तरी सुधारू... आणि नेमके पहिल्याच आठवड्यात काका भेटले.

काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. वय सत्तावन्न. नुसता आवाज ऐकून सांगणार, 'पुढचं डावं बेअरिंग.' तर संध्याकाळी हात पुसत आले आणि म्हणाले, "साहेब, आज अकरा गाड्या केल्या, सगळी किरकोळ कामं. नऊ तास उभा आहे. पण पुस्तकाच्या हिशेबानं मी सकाळी साडेअकरालाच घरी गेलोय!" सगळे हसले, मीही हसलो. मग म्हणाले, "दोन महिने ठरलेली मिनिटं भरली नाहीत साहेब. या महिन्यात भरली नाहीत तर गाड्या धुवायला पाठवणार." तेव्हा कुणी हसलं नाही.

मी तडक मालकांकडे! म्हटलं, पुस्तक चूक आहे. बल्ब बदलायला सहा मिनिटं? आधी इंजिन गार व्हायला पाहिजे, मग बॅटरी काढा, मागे हात घाला, न बघता क्लिप चाचपा... मालक शांत. खुर्चीत मागे रेलले. "अरे, मी काय माणसांच्या विरोधात आहे का? पुरावा आण. आजच्या आज बदलतो!"

पुरावा! अहो, मला तर आनंदाचं भरतं आलं. स्टॉपवॉच घेतलं. रकाने आखले. आणि काकांना काय सांगितलं? काही नाही! शिकलो होतो ना मी, ज्याला मोजायचं त्याला कारण सांगायचं नाही, नाहीतर मोजमाप खोटं पडतं! एवढंच म्हटलं, "काका, या गाडीचा बल्ब बदला, नेहमीसारखा."

नेहमीसारखा! एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला वही घेऊन मॅनेजर, समोर मी घड्याळवाला, आणि गाडी नुकतीच रस्त्यावरून आलेली, तापलेली. काकांनी एकदा तिघांकडे बघितलं. बाह्या सरसावल्या. आणि तुम्हाला सांगतो, बॅटरी नाही काढली, इंजिन गार होऊ दिलं नाही, सरळ त्या चिंचोळ्या फटीत हात! मान फिरवलेली, डोळे मिटलेले, ओठ घट्ट... खट्! दिवा लागला!

चार मिनिटं दहा सेकंद.

अख्ख्या वर्कशॉपने टाळ्या वाजवल्या हो. मी पण वाजवल्या! हातातलं घड्याळ सांभाळत वाजवल्या!

आणि मालक? "वा! बरं झालं पुरावा आणलास. मॅनेजर, सहा खोडा, चार लिहा." खाली सही कुणाची? माझी. मोजणाऱ्याची सही लागते ना!

मी ओरडलो, भांडलो, म्हटलं, हे खरं नाही! मालक म्हणाले, "तूच मोजलंस की." मॅनेजर म्हणाला, "आणि वरचे दहा सेकंद तर आपण सोडूनच दिले!" म्हणजे उपकार!

बल्ब बदलायला सहा मिनिटं म्हणून रडत होतो ना मी? आता सगळ्यांना चार! दोघे जण पहिल्याच आठवड्यात भाजले. मला बघितलं की एक जण दुसऱ्याला म्हणतो, "लवकर हात चालव रे, न्याय आला!" आणि काका चार दिवस दिसलेच नाहीत, म्हणून घरी गेलो. दार काकूंनी उघडलं. "या. बसा. तुम्हीच का ते घड्याळवाले?" आत काका, उजवा हात मनगटापर्यंत बांधलेला. फोड चिघळले होते. बोटं मिटत नव्हती. काकू म्हणाल्या, "त्या दिवशी हाताची सालटी निघालेली, आणि चेहरा बघावा तर बक्षीस घेऊन आल्यासारखा!"

मी म्हटलं, "काका, का हो केलंत असं?"

"साहेब, मला वाटलं, म्हातारा झाला, काढून टाकायचा का, तेच बघायला उभे आहात तिघं. म्हटलं, दाखवावं." मग काकू चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा जरा पुढे वाकून हळूच विचारलं, "पास झालो ना?"

सात वर्षं शिकून आलेला मी! म्हटलं, "झालात, काका."

त्या महिन्याची मिनिटं अर्थातच भरली नाहीत. आता ते गाड्या धुतात. डाव्या हाताने. मी? मी अजून अर्ज करतोय, चाराचे परत सहा करा म्हणून. दर वेळी एकच उत्तर, 'नवा पुरावा आण.' आणि माझ्यासमोर काम करायला आता एकही माणूस तयार नाही!

माझ्या गाडीचा डावा दिवा महिनाभर बंद आहे. एका डोळ्याने चालवतोय. दर शनिवारी काका ती धुतात, पाइप बाजूला ठेवतात, काचेवर टिचकी मारतात आणि म्हणतात, "साहेब, दिवा गेलाय. लावा तिकडे, आत्ता करून देतो. चार मिनिटांचं तर काम!"

मी म्हणतो, "राहू द्या, काका. मला वेळ नाही."