भिंतीपलीकडचं पुर्तां

—नाही हो सर, आत्ता दार उघडायची नाही ती, आंघोळीला गेलीय. बेल वाजवून तुमचंच बोट दुखेल, या, इथे माझ्याकडे बसा. आणि एवढं तोंड पाडायला झालं काय? अडखळते? वाक्याला वाक्य जोडणाऱ्या त्या जोडशब्दांपाशी? मग त्यात नवल ते काय — शब्द तरी कसले दिलेत तिला! पुर्तां, सपांदां, दोंक — सकाळपासून भिंतीपलीकडे तेच. दोंक म्हणजे म्हणून, ते ठीक; पण पुर्तां म्हणजे तरीसुद्धा, हो ना? आणि सपांदां? तेही तरीसुद्धाच! एकाच तरीसुद्धाला दोन-दोन शब्द कशाला लागतात हो त्या फ्रेंच लोकांना? आपण 'पण' म्हणतो आणि मोकळे होतो. आणि म्हणे परीक्षेत त्याचे वेगळे मार्क — म्हणजे कापड फाटकं असलं तरी चालेल, टाके तेवढे दिसले पाहिजेत! काल फोनवर नवऱ्याला सांगत होती — मी ऐकत नव्हते हो, भिंतच पातळ — "प्रथमतः मला तुझी आठवण येते, शिवाय दूध नासलं, तथापि मी बरी आहे." असं बोलतं का कुणी नवऱ्याशी? तो बिचारा तिकडे परमुलखात वाट बघतोय, ही पास झाली तरच तिला तिकडे बोलावता येणार, नाहीतर पुन्हा वर्षभर दोघं फोनला चिकटून — आणि तुम्ही घोकून घेताय तथापि!

काय म्हणालात? शब्द म्हणते आणि गप्प होते? काहीतरी ऐकत असल्यासारखी? हात्तिच्या, ते होय! ते माझं लाटणं. अहो, तीच म्हणाली, काकू, मी मोठ्याने बोलते, तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरातून ऐका, जोडशब्द आला की भिंतीवर टक् करा, म्हणजे मला कळेल, नीट उच्चारला. मला कुठलं आलंय फ्रेंच — पण ते पाच-सहा शब्द कान ओळखतो आता. ती पुर्तां म्हणणार, मी टक्, की ती पुढे. असा ताल बसलाय म्हणून सांगू! तुमच्या वर्गात आहे का असलं काही?

असे बघू नका माझ्याकडे. परीक्षेच्या खोलीत लाटणं नसणार, एवढं कळतं मला. परवाच कळलं — दूध उतू चाललं होतं, वाजवायचं राहिलं, तर पोरगी पलीकडे तश्शीच थांबलेली, चिडीचूप. सांगायला हवं होतं, कबूल — पण कुणीतरी माझ्या एका टकटकीसाठी थांबलंय — आमचे हे, हाक मारली तरी पेपरातून डोकं काढत नाहीत — जाऊ दे. तेव्हापासून जरा सावकाशच वाजवते. जरासंच. ती गेल्यावर त्या भिंतीपलीकडे कोण थांबणार माझ्यासाठी — काय म्हणालात, मुद्दाम? मी? अहो, पोटच्या पोरीसारखी आहे ती, मुद्दाम कशाला—

पाण्याचा आवाज थांबला. आली बाहेर. उठा सर. आज एकटीलाच बोलायला लावा तिला, कितीही अडली तरी. माझं विचारलं तर सांगा, काकू बाहेरगावी गेल्यात, परीक्षा होईपर्यंत यायच्या नाहीत. — तुम्ही सांगा तर, मी आतून कडी लावून घेते. आणि चपला इथे नका घालू, हातात घ्या, तिला ऐकू जाईल. जा म्हटलं ना!