तात्यांचा स्टॅबिलायझर

व्होल्टेजचा विषय निघालाय म्हणून सांगतो. मी पिरंगुटच्या कंपनीत इन्व्हर्टरची कंट्रोल सर्किटं बनवायचो आणि भुकूमला तात्यांकडं भाड्यानं राहायचो. संध्याकाळी तिथं व्होल्टेज इतकं पडायचं की टीव्हीवरचं चित्र आक्रसायचं. शेजारच्या घरात तात्यांचा सख्खा भाऊ राहायचा. त्यानं स्टॅबिलायझर आणला आणि तात्यांचं जेवणावरचं मन उडालं.

"त्याचं चित्र जरा बी हलत न्हाई," ते मला म्हणाले. "घरात तुमच्यासारखा इंजिनियर असून आमी का असं बसायचं?"

मग मी खपून त्यांना एक बनवून दिला. व्होल्टेज कितीही खालीवर झालं तरी माझं सर्किट ते लगेच सावरायचं, बल्ब मिचकायचासुद्धा नाही. तात्या बराच वेळ त्याला कान लावून बसले.

"ह्यो वाजत कसा न्हाई?"

"तात्या, चांगला आहे म्हणून वाजत नाही."

"त्याचा टकटक वाजतोय. पार माझ्या खाटंपत्तुर ऐकू येतंय. आपल्याकडं बी हाय, हे त्याला कळायचं कसं?"

शेवटी भावाच्या स्टॅबिलायझरमध्ये टकटक करतो तसला एक रिले मी आत बसवला. त्याचं काम एकच, टकटक करणं. तो वाजला तसे तात्या उठले आणि त्यांनी भावाच्या बाजूची खिडकी उघडली.