मुठीवरच्या सात खाचा

ओक्लाहोमातल्या आमच्या गावी गहाणाच्या दुकानात मी माझी करवत सोडवायला उभा होतो. माझ्यापुढे ऑर्फाआजी टिलमन काचेखालच्या जुन्या रिव्हॉल्व्हरकडे आणि त्याला लावलेल्या चिठ्ठीकडे टक लावून बघत होत्या. पलीकडे दुकानदार ड्वेन उभा होता.

"ड्वेन, ही चिठ्ठी कुणी लिहिली?"

"मीच लिहिली, आजी. फार दुर्मिळ चीज आहे. हे मॉडेल निघालं त्या पहिल्याच वर्षीची घडण! आणि मुठीवर सात खाचा. एक खाच म्हणजे एक मुडदा."

"मुडदा? कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्या जगाला ठाऊक आहे!"

"जगाला काय कळतंय, कपाळ! माझ्या बापाचं आहे हे. सापाशिवाय कुणाला मारलं नाही त्यानं. घरात मूल जन्मलं की तो एक खाच पाडायचा."

"विकताना तुमचा पुतण्या असं काही बोलला नाही."

"तो गाढव काय बोलणार! ही शेवटची खाच वाकडी दिसते? ती माझी. माझ्या वेळी आई गेली, बापाचा हात थरथरत होता."

"असेल हो. पण गिऱ्हाईक पैसे मोजतं ते मुडद्यांसाठी, आजी."

"मग चिठ्ठी नीट तरी लिही! माझी सहा भावंडं खरंच गेली. सातवा मुडदा तुझ्यासमोर उभा राहून भांडतोय!"