रूलीच्या सायकलचा मधला गिअर

नाही, पण मला एक सांगा, बाहेरून मुठीएवढी दिसणारी वस्तू आणि आत साठ तुकडे, हा विश्वासघात नाही तर काय? मागच्या चाकाच्या मधोमध असतो तो हब, गिअर त्याच्या पोटात, रोज बघता तुम्ही, मीही बघत होतो, आणि गुरुवारी सकाळी म्हटलं, उघडू या की, त्यात काय मोठंसं...

झालं असं, की बुधवारी बायको, आमची रूली, दारातूनच म्हणाली, "हार्म, मधल्या गिअरला पायडल रिकामंच फिरतंय. गुडघ्याला हिसका बसतो." आता हा गुडघा साधासुधा नाही, शरद ऋतूत नवा बसवलेला, आणि अख्खा हिवाळा बाई एकाच ध्यासानं व्यायाम करतेय, की मंगळवारी चार दिवसांच्या सायकलफेरीला बहिणीबरोबर, हेनीबरोबर, निघायचं. सरळ दुकानात न्यायची म्हणता? दुकानदार वही उघडतो आणि शांतपणे सांगतो, "तीन आठवड्यांनी आणा." आणि मी जानेवारीपासून निवृत्त, घरी. एकोणचाळीस वर्षं कालव्यांची पातळी मोजली मी, एक सेंटिमीटर चुकू दिला नाही, मला काय एक हब जड? उघडू या की, म्हटलं, त्यात काय मोठंसं.

तुम्हाला सांगतो, आमच्या सायकलींचं मागचं चाक काढणं म्हणजेच एक बाळंतपण! चेन डब्यात बंद, त्यावर झगा अडकू नये म्हणून जाळी, त्यावर कुलूप, दिवा, पिशव्यांचं कॅरिअर... दुपार झाली. मग जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि तिथंच मी फसलो, कारण टेबल पुढच्या खिडकीशी, खिडकी भिंतीएवढी, आणि आमच्या ड्रेंथ प्रांतात दिवसाउजेडी पडदा ओढला तर लोक विचारतात, कोण गेलं? तेव्हा जे काही केलं ते अख्ख्या गल्लीसमोर.

पाना लावला, रिंग फिरवली, पहिल्यांदा आले छर्रे, टपटप टपटप, म्हटलं मोजू या, सतरापर्यंत पोचलो तर समोरची फेमी काचेवर टकटक करून शाबासकीचा अंगठा दाखवते, परत एकपासून! मग आली चार दातेरी चाकं, चौघी सारख्या बहिणी, कोण कुठं बसली होती विचाराल तर देवच जाणे, मग नखाएवढ्या खिट्ट्या, आणि खिट्टीखाली केसाएवढी स्प्रिंग, ती मला दिसली म्हणेपर्यंत उडाली. खिडकीतल्या ऑर्किडच्या कुंड्यांत. मी गुडघ्यावर रांगतोय, आणि बाहेरून कुत्र्याला फिरवणारे पोस्टमास्तर ओरडतायत, "हार्म, काय हरवलं?" ... काय सांगू? अक्कल.

शुक्रवार गेला. शनिवारी सगळं जोडलं, तर चाक फिरेना. परत खोललं, जोडलं, चाक फिरलं, पण टेबलावर तीन तुकडे उरले. मी म्हटलं, जास्तीचे दिले असतील. जेवणं स्वयंपाकघरात उभ्यानं चालली होती. रविवारी रूली हळूच म्हणाली, "हेनीला कळवू का, जमणार नाही म्हणून?" नुसतं तेवढंच. मला रडू आलं हो, खरंच. सहा महिने त्या बाईनं दात ओठ खाऊन पाय वाकवला, आणि मी? उघडू या की, त्यात काय मोठंसं!

सोमवारी लाज गुंडाळून पलीकडच्या बेरेंडकडे गेलो. ब्याऐंशी वर्षांचे, जन्मभर सायकली दुरुस्त केलेल्या. म्हणाले, "साडेदहाला येतो. कॉफी ठेव." आले. कॉफी प्यायले. एक बिस्कीट खाल्लं, आमच्याकडे एकच द्यायची रीत, डबा बंद झाला. मग बाही सारली, आणि ती दोन जाड बोटं अशी चालली, तुकडा टाक, ग्रीस लाव, छर्रे बसव, कुंडीतून लोहचुंबकानं स्प्रिंगसुद्धा काढली. वीस मिनिटं. शेवटी चाक चढवून गिअरची बाहेरची केबल दोन फेरे आवळली. गिअर लोण्यासारखा.

मी म्हटलं, "बेरेंड, बिघडलं काय होतं आत?"

"आत? आत काही नव्हतं. केबल सैल होती. दोन फेरे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"बुधवारी. रूली दारावरून गेली तेव्हा आवाज आला ना."

"मग सांगितलं का नाही, अहो?"

"तू विचारलंस का? बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात कसं शिरायचं? आणि खिडकीतून दिसत होतास की. इतका कामात. जानेवारीपासून पहिल्यांदा."

मी बिस्किटांचा डबा परत उघडला.

मंगळवारी रूली निघाली. हेनी फाटकाशी घंटी वाजवतेय, आणि ही परत आत आली. मला वाटलं, निरोपाचा पापा द्यायचा राहिला असेल. तर हिनं टेबलावर नवं वर्तमानपत्र अंथरलं, भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यावर ठेवलं आणि म्हणाली, "हे मागं पडतंय. जरा बघशील?" मी पाहिलं, मिनिटसुद्धा मागं नव्हतं. तिलाही ते माहीत होतं. मी म्हटलं, बघतो.

आता आतलं सगळं टेबलावर आहे. ती शुक्रवारी चारला येतेय... तेव्हा चार वाजले की तुमच्यापैकी कुणीतरी मला सांगा.