आतल्या दाराची फट

—अजून खाली धर उदबत्ती, प्रणव, अगदी उंबऱ्याशी — जपून, खाली लाकूड आहे — हां, बघ, धूर कसा आत वाकला. म्हणजे इथून हवा येते. खिडक्या झाल्या माझ्या सगळ्या, बाहेरचं दारही झालं. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं, रबरपट्ट्या बसवणं मला नवीन नाही. आमचा निहार तर खूश — म्हणाला, बाबा, यंदा हीटिंगचं बिल नक्की उतरणार. काय म्हणालास? आतल्या दाराला कशाला? विचारणारच तू, इथे जर्मनीत, येना शहरात इंजिनिअरिंग शिकतोस. खोलीतली ऊब स्वयंपाकघरात गेली तरी घरातच राहते, एवढं मलाही कळतं रे. पण सूनबाई, उर्जा, तिथली खिडकी उघडते ना, ते लुफ्टेन की काय ते, घरात ताजी हवा घ्यायला — बरं, ती तरी कितीशी उघडी असते म्हणा.

कुणाला सांगणार नाहीस ना? जेवणं झाली की दोघं तिथे टेबलाशी बसतात, आणि या फटीतून शब्दन् शब्द आत येतो. मी मुद्दाम ऐकत नाही — पलंगच इथे आहे, काय करू? माझा व्हिसा संपत आला, कुसुम गेल्यावर नाशकात मी एकटाच, तर पुण्यातला एक वृद्धाश्रम बघितलाय त्यांनी. खोलीसुद्धा ठरवलीय. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण निहार स्वतः सांगेल म्हणून वाट बघतोय, तर हा तोंडच उघडत नाही. त्यात एकदा नेमका मला ठसका लागला. दुसऱ्या दिवसापासून दोघं जर्मनमध्ये बोलायला लागली. नवरा-बायको, स्वतःच्या घरात — माझ्यामुळे. आणि निहार अडखळतो रे त्या भाषेत, मध्येच गप्प बसतो, मग उर्जाही गप्प. फट बुजलेली दिसली की बोलतील पुन्हा मराठीत, मोकळेपणानं. बोलून बोलूनच धीर येईल त्याला, मला सांगायचा.

बसली पट्टी. आता असं कर — पलीकडे जा, टेबलाशी बस आणि नेहमीच्या आवाजात बोल. काय म्हणजे? काहीही. म्हण, बाबांचं काय करायचं. तिथूनच सुरू करतात ती. असा बघू नकोस माझ्याकडे, जा. दार नीट ओढून घे.

हं, बोल.

बोललास का रे?

मग झालं. इकडे एक शब्दही आला नाही. जा तू आता घरी, निहार येईल इतक्यात.