त्याने तिला ओळखलं का?

बाई : आधी बस बघू. मघापासून रिकाम्या वर्गात येरझाऱ्या घालतेयस, माझंच डोकं गरगरायला लागलं.

ताई : बाई, पाठात नापास करा हवं तर. पण त्याबद्दल विचारू नका.

बाई : नापास कशाला? शिकाऊ म्हणून आलेल्या किती पोरींचे पाठ मी मागच्या बाकावर बसून ऐकलेत! तुझ्या पाठाला पोरांनी चुळबुळसुद्धा केली नाही. पण तू सांगितलीस ती कादंबरी मीही वाचलीय गं. तू शेवट बदललास.

ताई : शेवट नाही. एक वाक्य.

बाई : एकच, पण कोणतं? बाप अंतराळातला दिवा दुरुस्त करून परत येतो. तिकडे त्याचं एक वर्ष गेलंय, इकडे साठ. यानतळावर त्याची मुलगी उभी आहे, पिकल्या केसांची. आणि तो तिलाच विचारतो...

ताई : "आजी, माझी मुलगी कुठे दिसली का हो?" पाठ आहे मला. चौथीत असताना वाचलं आणि आठवडाभर बाबांना कामावर जाऊ देत नव्हते. चपला लपवायचे त्यांच्या.

बाई : आणि आज म्हणालीस, त्याने तिला लांबूनच ओळखलं.

ताई : पहिल्या बाकावरच्या त्या मुंगीनं हात वर केला हो! "ताई, त्याने तिला ओळखलं का?" तुम्ही मागे होतात, तुम्हाला तिचा चेहरा दिसला नाही.

बाई : तिला कायमच प्रश्न असतात.

ताई : तिचे बाबा जहाजावर असतात. ती पहिलीत होती तेव्हा गेले, ते या रविवारी येतायत. मधल्या सुट्टीत मला म्हणाली, "तेव्हा मला दोन वेण्या होत्या. आता केस कापलेत, दातसुद्धा वेगळे आलेत." कुठल्या तोंडानं सांगायचं तिला?

बाई : फोनवर बोलत असतील की.

ताई : नुसता आवाज. तोही तुटक-तुटक.

बाई : बरं, पुस्तक कुठंय? कपाटात नाही.

ताई : माझ्या पिशवीत. मुंगीनं घरी न्यायला मागितलंय. म्हटलं, शेवटची पानं गोंदानं चिकटवून टाकावीत.

बाई : अगं बाई! शिकवायला निघालीस की पानं चिकटवायला?

ताई : हसू नका हो. खरं सांगितलं असतं तर पोर घाबरली असती. आणि आता तिचे बाबा क्षणभर जरी थबकले ना, तरी तिला वाटेल, पुस्तकातल्या बापानं ओळखलं, माझ्यानं नाही.

बाई : हे कधी सुचलं तुला?

ताई : "हो" तोंडातून निसटलं, तेव्हाच.

बाई : हं. त्या "आजी"नंतर पुस्तकात काय आहे?

ताई : नंतर... नीट आठवत नाही.

बाई : पाठ आहे म्हणालीस.

ताई : तिथपर्यंतच. तिथे रडू यायचं आणि मी पुस्तक मिटायचे. पाठाची तयारी करतानासुद्धा पुढे नुसती नजर फिरवली.

बाई : काढ. वाच मोठ्यानं.

ताई : "ती हसली. 'दिसली ना,' ती म्हणाली, 'चला, मीच घेऊन जाते.' तिनं त्याच्या हातातली पेटी घेतली आणि त्याला आपलं नाव सांगितलं. तो थांबला. मग वाटभर तो तिच्याकडे बघत राहिला."

बाई : मुंगी फाटकापाशी आजोबांची वाट बघतेय. मार हाक.

ताई : आत्ता? तुम्ही सांगा ना, बाई. तुमचं ऐकते ती.

बाई : थाप तू मारलीस. मी का निस्तरू?

ताई : मुंगी! ए मुंगी, जरा आत ये गं!

(मुंगी दप्तरासकट धावत येते.)

मुंगी : पुस्तक देताय, ताई?

ताई : देते. पण आधी ऐक. मी वर्गात खोटं सांगितलं. त्याने तिला नाही ओळखलं.

मुंगी : अजिबात?

ताई : आधी नाही.

मुंगी : मग हो का म्हणालात?

ताई : तुला वाईट वाटेल म्हणून.

मुंगी : ते आता वाटलंच की.

ताई : हो गं. चुकलं माझं.

मुंगी : ती रडली का मग?

ताई : नाही. तिनं त्याच्या हातातली पेटी घेतली आणि आपलं नाव सांगितलं.

मुंगी : तिनंच? त्यानं न विचारता?

ताई : न विचारता.

मुंगी : आणि तो रागावला नाही?

ताई : नाही. घरी गेला तिच्याबरोबर.

मुंगी : माझे बाबा खूप माणसांमधून बाहेर येणारेत. बॅगा असतील त्यांच्याकडे. मोठी मला उचलवणार नाही.

बाई : छोटी घे मग.

मुंगी : हो. छोटी घेईन, आणि घेता घेता नाव सांगून टाकीन.