नेटवर्क कार्डाची फ्लॉपी

अरे, कम्प्युटरच्या तक्रारी मला सांगूच नका! मी तेव्हा सुरतेत कम्प्युटर दुरुस्त करायचे. पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये विंडोज ९५ टाकली. सगळं चाललं, फक्त नेटवर्क कार्ड चालेना. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणाऱ्या फाइली, कार्डासोबत आलेल्या फ्लॉपीत असायचा. मॅनेजर कांतीभाईंनी ती फ्लॉपी कपाटातून काढून दिली. मी घातली, तर विंडोज म्हणे ड्रायव्हर सापडत नाही. मला वाटलं कार्डातच बिघाड आहे. तीनदा ते काढून बसवलं, अख्खी दुपार घालवली.

शेवटी सगळ्या ऑफिससमोर कांतीभाई म्हणाले, "बेन, नहीं जमता तो बोल दो. किसी भाई को बुला लेंगे."

माझं डोकंच फिरलं! तिरीमिरीत मी ती फ्लॉपीच उघडली. आत एकच फाइल. त्यांच्या मुलीची लग्नपत्रिका!

"ये किसने डाली?"

"मैंने. अंदर कुछ फालतू फाइलें थीं, सब निकाल दीं."

"कांतीभाई, वही ड्रायव्हर था!"

माफी नाही, काही नाही. स्क्रीनकडे बघत म्हणाले, "बेन, खोली ही है तो उसमें मामा का नाम डाल दो, रह गया है."